रतीबाने पोसलेला माणूस

दरदीर उसाची मोळी उचलायचा तेव्हा बाकीचे हमाल हातातलं काम टाकून बघत उभे राहायचे. दोघांनी रेटत न्यायची मोळी हा एकटा आधी मांडीवर घ्यायचा, कमरेला एक हिसका द्यायचा की ती खांद्यावर. मग फळीवरून चढून डब्यात अशी आपटायचा की कारखान्याकडे जाणारी आमची ती छोटी आगगाडी रुळांवर डुगडुगायची. टोळीचा मुकादम झाल्यावर त्याला स्वतः ओझं उचलायची गरज नव्हती, तरी तो उचलायचा. लोकांनी बघावं म्हणून.

तोंडही तसंच. कुणी अडखळला, कुणाच्या हातून मोळी सुटली, की दरदीर त्याला एक नाव ठेवायचा, आणि ते नाव त्या माणसाला कबरीपर्यंत चिकटायचं. खलीफा नावाचा एक तरुण पहिल्याच हंगामात मोळीखाली बसला, पोट धरून. तेव्हापासून तो ‘गाभण खलीफा’. त्याच्या लग्नातसुद्धा पोरं तेच ओरडत होती.

रतीबा ही दरदीरची बायको. नदीपलीकडच्या गावातून आलेली, अंगाने काटकुळी, बोलणं कमी. मार रोजचा नव्हता. पण कधी पडेल याचा नेम नसायचा, आणि तेच जास्त वाईट. एका थपडेनंतर तिचा उजवा कान कायमचा गेला. तेव्हापासून कुणी बोलायला लागलं की ती मान वळवून डावी बाजू पुढे करायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई लाजते.

या दोघांना एक मुलगी, नगात, ती जवळच्याच वाडीत दिलेली. आणि एक मुलगा, मन्सूर. मन्सूर आईवर गेला होता. बापाने त्याला टोळीत घेतलं तेव्हा मिसरूड फुटलं होतं, खांदे मात्र भरले नव्हते. मोळी घेऊन तो फळीवर चढला आणि मध्येच थरथरायला लागला. खाली उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. दरदीरने टोळीतल्या एकाला घरी पिटाळलं आणि रतीबाची काळी ओढणी मागवून घेतली. ती पोराच्या डोक्यावर बांधली, त्याला उसाच्या डब्यात बसवलं, आणि गाडी सुटताना स्वतः डबडं बडवत ओरडला, “नवरीबाई निघाली सासरी!” सगळी टोळी रुळांच्या कडेने नाचत गेली. मन्सूर कारखान्याच्या फाटकापर्यंत तसाच बसून राहिला. ओढणी काढायचंही त्याला सुचलं नाही.

तो घरी आला नाही. वाळवंटाच्या वाटेने लिबियाला गेला असं कळलं. पुढे कुणी म्हणालं, एका होडीत बसून समुद्रावर गेला. तिकडून परतणाऱ्या प्रत्येकाला रतीबा विचारायची, “माझा मन्सूर दिसला का रे?” कुणालाच दिसला नव्हता. लोक मात्र रीतीप्रमाणे तिला ‘उम्म मन्सूर’, मन्सूरची आई, आणि दरदीरला ‘अबू मन्सूर’ असंच म्हणत राहिले. हाक आली की प्रत्येक वेळी ती आधी वाटेकडे बघायची.

मग दरदीरला लघवीचा त्रास सुरू झाला. आधी त्याने ते लपवलं. पुढे पाठ धरली, रक्त दिसलं, आणि एका सकाळी लघवी तुंबून तो ओट्यावर बैलासारखा हंबरायला लागला, तेव्हा नगातच्या नवऱ्याने त्याला किना शहरातल्या इस्पितळात नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि तो ग्रंथीच्या बाहेर पसरलेला. आमच्याकडे रोग्यासमोर त्या रोगाचं नाव घेत नाहीत. त्याला सांगितलं, गाठ आहे, पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील.

तिथे मिरवत नावाची एक डॉक्टरीण होती. रोग्यांच्या खाण्यापिण्याचं आणि अंगाचं ती बघायची. तिने दरदीरला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं आणि दोन्ही हातांत दांडे दिले. पडद्यावर आकडे आले. “माशाल्ला!” ती म्हणाली. “या वयात एवढं मांस मी कुणाच्या अंगावर पाहिलं नाही.” दरदीर खूश झाला. “बघून घ्या डॉक्टरीणबाई, असला माल परत यायचा नाही,” म्हणाला, आणि चपला घालायला बाहेर गेला.

रतीबा मागे राहिली. डॉक्टरीण तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागली, तशी रतीबाने डावा कान पुढे केला.

“नीट ऐका, उम्म मन्सूर. बाकीच्या कॅन्सरांत माणूस डोळ्यांदेखत वाळतो. यांचं उलटं होणार आहे. ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसते, म्हणून इंजेक्शनने तो रसच आम्ही बंद करतोय. पण त्याच रसावर त्यांचं मांस आहे, हाडं आहेत. आता अंगातली चूल मंद होईल. खाल्लेलं जळणार नाही, चरबी होऊन साठेल. काटा वर जाईल आणि ताकद खाली. लोक म्हणतील, तब्येत सुधारली. तुम्ही फसू नका.”

“मग काय करायचं?”

“तूप, साखर, काकवी बंद. डाळ, अंडी, मासे द्या. रोज घाम येईस्तोवर चालवा. थोडंफार ओझं उचलू द्या, तेच त्यांचं खरं औषध. बसवून ठेवलंत तर साखर चढेल, हृदयावर येईल, हाडं खडूसारखी होतील. छाती बाईसारखी सुटेल, अंगातून वाफा निघतील, बारीकसारीक गोष्टींवर रडतील. ते सोसून घ्या. सगळं आता तुमच्या हातात आहे.”

डॉक्टरीण हे सहज बोलून गेली. आजवर कुणी रतीबाला, काहीतरी तुझ्या हातात आहे, असं म्हटलं नव्हतं.

आणि हे सांगायलाच हवं, सुरुवातीला ती डॉक्टरणीच्या शब्दाला जागली. पहाटे दरदीरला उठवून कालव्याच्या बांधावर पाठवायची. चहात साखर घालायची नाही. एका दुपारी तिने मसुराचं पातळ कालवण आणि दोन उकडलेली अंडी त्याच्यापुढे ठेवली.

“हे काय?”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

“कैद्यांची पेज कुणाला वाढतेस? गाठ झालीय मला, मेलो नाहीये अजून!”

वाडगा तिच्या भुवईवर फुटला. गरम मसूर डोळ्यात गेले. डोळा धुताना ती हौदाशी बराच वेळ वाकून उभी राहिली. आतून तो ओरडत होता, “बदक कापायचं सोडून डाळ शिजवतेय, भिकारड्याची औलाद!”

दुसऱ्या दिवशी तिने बदक कापलं. तुपात घोळवून पदर सुटलेल्या भाकऱ्या भाजल्या, वर काकवी ओतली, आणि चहात चमचा उभा राहील इतकी साखर घातली. दरदीर कोपरापर्यंत हात माखून जेवला.

“आता कसं! आणि डॉक्टरणीचं काय झालं?”

“त्याच म्हणाल्या, ताकद यायला हवी,” रतीबा म्हणाली. “मला नीट ऐकू आलं नव्हतं. खाऊ घाला म्हणाल्या, आणि बसवून ठेवा.”

हे खोटं तिने आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघाल्यावर मात्र ते तिला इतकं नेटकं वाटलं की तिने पुढे त्यात बदल केला नाही.

मग ती त्याला पोसायला लागली. तो उठायला लागला की म्हणायची, “अहो, बसा ना, मी आणते.” पाण्याचा तांब्या, गुडगुडी, वहाणा, सगळं हातात. बांधावरचं चालणं बंद झालं. पोटावरची इंजेक्शनं ठरल्याप्रमाणे होत राहिली, आणि डॉक्टरीण म्हणाली होती ते एकेक करून येत गेलं. थंडीच्या दिवसांत तो घामाने न्हाऊन निघायचा आणि छातीवर पाणी मारून घ्यायचा. पोट पुढे आलं, गाल वर आले, दंड मात्र आतून रिकामे झाले. हात वर केला की कातडी पिशवीसारखी लोंबायची. रात्री तिच्या बाजूला वळणंही बंद झालं. त्या एका गोष्टीसाठी ती इंजेक्शनला मनातल्या मनात दुवा द्यायची.

शेजारणी ओट्यावर येऊन म्हणायच्या, “बघा, कसा लालबुंद झालाय! बायकोने सेवा करावी तर अशी.” काहीजणी तर तोंडावरच म्हणाल्या, “हा कसला आजार गं बाई? आमच्यांना का होत नाही असला?” रतीबा मान खाली घालून भाकरी थापत राहायची.

ऊसतोड सुरू झाली तसा दरदीर घरात थांबेना. धुतलेला पांढरा पायघोळ झगा, गलाबिया, घालून तो गाडीपाशी गेला. मुकादमकी आता खलीफाकडे होती. खलीफाने त्याला लांबून येताना पाहिलं, पातळ कापडातून हलणारी छाती पाहिली, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्याच्या ओठांवर आलं.

“या, या मुकादम! पोरांनो, सांगा बरं, यंदा गाभण कोण आहे?”

मग कुणीतरी फिसकन हसलं.

“कितवा महिना, मुकादम? दूध उतरलेलं दिसतंय.”

दरदीर एका मोळीकडे गेला. मांडीवर घेतली. कमरेला हिसका दिला, आणि गुडघ्यांवर आला. मोळी त्याच्या अंगावर. तो तिच्याखाली हातपाय हलवत राहिला. खलीफाने ती बाजूला केली, त्याच्या कपड्यावरचं पाचट झटकलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, “घरी जा, बाई. उन्हात उभी राहू नकोस.”

ही हकीकत दरदीरच्या आधी घरी पोचली. तो आला तेव्हा रतीबाने रव्याची गोड वडी करून ठेवली होती, पाकात बुडवलेली. तो रडत रडत ती सगळी संपवून बसला.

त्यानंतरच्या एका दिवशी चहाला उशीर झाला. दरदीरने हात उगारला. रतीबाने तो मधल्यामध्ये धरला. कसं धरलं गेलं मनगट ते तिलाही कळलं नाही, पण धरल्यावर बोटं आत रुतली, मळलेल्या कणकेत रुतावीत तशी. तो सोडवायला गेला. सुटेना. दोघंही त्या हाताकडे बघत राहिले.

“बस,” ती म्हणाली. “बस खाली.”

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. दरदीर बसला. त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरायला लागला. तिला वाटलं होतं, असा दिवस आला तर आपल्याला लाज वाटेल. लाज वाटली नाही. तिला आनंद झाला, इतका की ती चुलीपाशी जाऊन एकटीच हसली.

पुढच्या खेपेला डॉक्टरणीने पुन्हा त्याला यंत्रावर उभं केलं आणि आकडे बघून तिचा चेहरा उतरला. “हे काय करून ठेवलंत? वजन एवढं वाढलंय आणि मांस पार झिजलंय! रक्तात साखर आलीय. काय खाता तुम्ही? चालता का?”

“तुम्हीच म्हणालात ना, खा आणि बसा,” दरदीर म्हणाला.

“मी?” डॉक्टरणीने रतीबाकडे पाहिलं. रतीबाने डावा कान पुढे केला नाही. उजवा तसाच तिच्याकडे ठेवून ती जमिनीकडे बघत राहिली.

बाहेर आवारातल्या बाकावर दोघं मिनीबसची वाट बघत बसले. दरदीर म्हणाला, “काय सांगितलं होतं तिने तुला?”

तिने सांगितलं. डाळ, अंडी, चालणं, ओझं, सगळं. रोगाचं नावही सांगितलं.

“म्हणजे तू जाणूनबुजून…”

“हो.”

“मन्सूरसाठी?”

“त्याच्यासाठीही.”

तो हसला. तसं हसणं तिने त्याच्या तोंडी आधी ऐकलं नव्हतं. ते खोल कुठून तरी, खोकल्यासारखं आलं. “तुझ्यात एवढं असेल असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “माझीच बायको खरी.”

तिला वाटलं, आता हा खाणं सोडेल, नगातकडे जाऊन राहील, लोकांत बोभाटा करेल. त्याने यातलं काही केलं नाही. घरी येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, “वाढ. तूप जास्त घाल. काकवी कुठाय?” दिवसातून दहादा हाका. “अगं ए, बदक कर. अगं ए, पाक आण. मारायचं तर नीट मार, कंजूषपणा कशाला?” ती पुन्हा चुलीला जुंपली गेली. तिने चोरून केलेलं काम आता त्याचा हुकूम झालं होतं, आणि त्यात तिला काही गोडी उरली नव्हती. एकदा तिने मुद्दाम डाळ केली. त्याने ती कोंबड्यांना टाकली.

असं वर्षभर चाललं असेल. मग इंजेक्शनं लागू पडेनाशी झाली. रोग मणक्यात आणि मांड्यांच्या हाडांत गेला. आणि मग सगळंच उलटं फिरलं. ज्या माणसाच्या अंगी खाल्लेलं सगळं लागत होतं, त्याला घास दाखवला तरी उलटी व्हायची. पोट आत गेलं, छाती गळली, कातडीच्या घड्या मांड्यांवर येऊन पडल्या. खाटेवर नुसता पडलेला असायचा आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची.

रतीबा नगातला घेऊन इस्पितळात गेली, दुखण्याच्या गोळ्या आणायला. डॉक्टरणीला तिने विचारलं, “जेवत नाहीत, हलत नाहीत, मग एवढं जातंय कुठे?”

“जळतंय,” डॉक्टरीण म्हणाली. “आधी चूल मंद होती, आता भडकलीय. झोपले आहेत तरी आत रान पेटल्यासारखं चाललंय. वरून कितीही घाला, त्याचं मांस होणार नाही आता.”

“अजून किती?”

डॉक्टरणीने तिच्याकडे पाहिलं. “दुसरा असता तर एव्हाना सुटला असता, उम्म मन्सूर. यांच्या अंगावर साठा मोठा आहे. तो संपेपर्यंत शरीर सोडायचं नाही.”

परत येताना नगात म्हणाली, “आई, चांगलं झालं ना, तू एवढं खाऊ घातलंस ते!”

तो संपूर्ण हंगाम दरदीर मरत होता. रतीबा त्याला कुशीवर वळवायची, पुसायची, खालचं काढायची. कुठेही हात लावला तरी तो किंचाळायचा, कारण हाड कुठे दुखत नव्हतं असं नव्हतंच. गोळ्या पुरायच्या नाहीत. शुद्ध असली की जीभ मात्र पहिल्यासारखी.

“काय गं, वास येतोय का? तुझं तूप जळतंय. लाकडं तूच भरलीस, आता बस शेकत.”

ती ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसत राहायची. तीही वाळली होती. शेजारणी म्हणायच्या, नवऱ्याच्या मागे बाई झुरतेय.

एकदा त्याने आपणहून मन्सूरचा विषय काढला. तिला वाटलं, आता माफी मागेल. तिने डावा कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

“त्याला मी डब्यात बसवलं नसतं,” दरदीर म्हणाला, “तर दुसऱ्या कुणी बसवलं असतं. तसाच होता तो. तुझ्यासारखा.” मग म्हणाला, “पाणी.”

रतीबा पाण्याचा तांब्या घेऊन आलेलीच होती. ती तशीच उठली, तांब्या घेऊन अंगणात गेली आणि हौदाच्या कडेला बसली. आतून घोगरी हाक येत राहिली. दुपारची बांग झाली, लोक मशिदीतून परतले, तेव्हा ती आत गेली आणि चमच्याने त्याला पाणी पाजलं. तो प्यायला.

शेवटची मोळी गाडीत चढल्यानंतर, फडांत पाचट पेटवायला लागले त्या दिवसांत तो गेला. टोळी आली. खाटल्याला खांदा द्यायला खलीफा सगळ्यांच्या पुढे होता आणि रडत होता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. दरदीरला उचलायचं म्हणून चौघांनी सवयीने दम भरला, जोर लावला, आणि खाटलं एकदम झटक्याने वर गेलं. कुणी हसलं नाही.

मौतीचा चाळिसावा दिवस झाल्यावर इस्मत नावाची एक बाई रतीबाकडे आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, फारशी ओळख नसलेली. ती दारातच घुटमळली.

“उम्म मन्सूर, राग मानू नका. आमच्या यांनाही तीच गाठ निघालीय. इंजेक्शनं सुरू झालीत. तुमचे अबू मन्सूर केवढे अंगाने भरले होते, सगळं गाव बघत होतं. काय खाऊ घालत होता तेवढं सांगाल का?”

रतीबाने तिला बसवलं. चहा दिला, बिनसाखरेचा, आणि सांगायला लागली. तूप बंद. साखर, काकवी बंद. डाळ, अंडी, मासे. रोज घाम येईस्तोवर चालणं. ओझं उचलू द्यायचं, कितीही कुरकुर केली तरी. वजन वाढलं तर खूश व्हायचं नाही. रडले तर रडू द्यायचं. डॉक्टरणीचा शब्दन् शब्द तिला आठवत होता.

इस्मतचे डोळे भरून आले. “एवढं सगळं करत होता तुम्ही त्यांच्यासाठी?”

“नाही,” रतीबा म्हणाली.

इस्मतने तिचा हात हातात घेतला आणि डोळ्यांना लावला. म्हणाली, “किती मोठं मन तुमचं. केलेलंही सांगत नाही.” मग चहा संपवून, डाळ कुठल्या दुकानात चांगली मिळते ते विचारून ती घाईघाईने घरी गेली.